दोन गुंठ्यांतला कांदा

बीबीच्या शिवारात सोयाबीन अजून उभं असतं, शेंगा नुकत्या पिवळ्या पडू लागलेल्या असतात, तेव्हाच विहिरीजवळच्या कोपऱ्यात रब्बीच्या कांद्याचं रोप टाकायची तयारी सुरू होते. हे गाव बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शेती बहुतेक पावसाच्या भरवशावर आणि विहिरीचं पाणी मोजकं. एकरभर कांदा लावायचा तर त्याचं रोप दोन ते चार गुंठ्यांत होतं. म्हणजे पहिले सात-आठ आठवडे चाळीस गुंठ्यांच्या पिकाला लागणारं पाणी, निंदण आणि राखण या दोन-चार गुंठ्यांतच भागते. तोवर उरलेल्या वावरात सोयाबीन पिकतं, सोंगून निघतं, नांगरट-वखरणी होते. रोप लावणीला येतं तेव्हा वावरही मोकळं झालेलं असतं.

थंड देशांतले लोकही कांद्याचं बी आधी आडोशाला रुजवतात. जानेवारी-फेब्रुवारीत बाहेरची जमीन गोठलेली असते, म्हणून खिडकीतल्या ट्रेमध्ये किंवा काचघरात रोप वाढवायचं आणि ऊब आली की बाहेर लावायचं. तिथे ही युक्ती थंडीवर मात करण्यासाठी आहे. आपल्याकडे ती पाण्यासाठी आणि वावरासाठी आहे. दख्खनच्या पठारावर कांदा टिकला, वाढला आणि पुढे बाजारपेठांचा राजा झाला, त्यात या दोन गुंठ्यांचा वाटा फार मोठा आहे असं मला वाटतं. कांद्याच्या भावावर आपण जितकं बोलतो त्याच्या शतांशानेही या रोपावर बोलत नाही.

कांदा मूळचा मध्य आशियातला. इराण, तुर्कमेनिस्तान या बाजूच्या डोंगरांत त्याचे रानटी भाऊबंद आजही उगवतात. तो दोन वर्षांचा गडी आहे: पहिल्या वर्षी बियापासून कांदा धरतो, दुसऱ्या वर्षी तोच कांदा पुरला की दांडा काढून फुलतो आणि बी देतो. त्याची शेती करणाऱ्याला म्हणून दोन वाटा असतात, बी पेरायचं किंवा कांदाच लावायचा. या दोन्हींच्या मधली तिसरी वाट, बी एका जागी रुजवून रोप दुसरीकडे नेण्याची, हीही जुनीच. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकात झाला. भाजीपाला उपटून दुसरीकडे लावला की तो अधिक चांगला आणि मोठा होतो, असं त्याने वनस्पतींवरच्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे, आणि उदाहरण दिलं आहे ते कांद्याच्याच कुळातल्या लीकचं. आपल्याकडच्या ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथातही भाताच्या संदर्भात पेरणी आणि रोपणी असा स्पष्ट भेद केलेला आहे. भाताला चिखलात जे जमलं तेच मळ्यातल्या माळ्याने वाफ्यात वांगी, मिरची, कांद्याला लावलं असावं. तेराव्या शतकात सोलापूरकडच्या अरणमध्ये सावता माळ्यांनी आपल्या मळ्यातल्या कांद्या-मुळ्यात विठ्ठल पाहिला. त्या काळी कांदा मोटेच्या पाण्यावरचं नित्याचं पीक होतं, हे त्यांच्या अभंगातूनच कळतं.

पूर्वी रोपाला सपाट वाफा असे. बी मुठीने फोकायचं, वर माती-खताचा हात फिरवायचा आणि पाटाने पाणी सोडायचं. रब्बीत हे चालून जाई. पावसाळ्यात मात्र वाफ्यात पाणी तुंबे आणि कोवळी रोपं बुडखाशी कुजून आडवी होत. शेतकरी याला मर म्हणतात. जमिनीतल्या बुरशा त्याला कारण. ज्या वर्षी मर लागे, त्या वर्षी रोपासकट सगळा हंगामच हातचा जाई, कारण दुसऱ्यांदा रोप टाकून ते तयार होईपर्यंत लावणीची वेळ निघून गेलेली असते.

यावरचा उपाय गादीवाफा. मीटरभर रुंद, तीनएक मीटर लांब आणि वीतभर उंच. दोन वाफ्यांच्या मधून पाणी निघून जातं, मुळांना हवा मिळते. त्यावर दोन-तीन बोटांच्या अंतराने आडव्या रेघा ओढायच्या आणि बी ओळीत पातळ पेरायचं. दिसायला ही किरकोळ सुधारणा, पण तिने खरिपाच्या कांद्याचं रूपच बदललं. ओळीत पेरल्यामुळे तण ओळखू येतं, खुरपं फिरतं आणि रोपं एकमेकांना दाबत नाहीत. मर टाळण्यासाठी पेरण्याआधी बियाला थायरम किंवा ट्रायकोडर्मा चोळतात. वरून गाळलेलं शेणखत, त्यावर गवताचं पातळ पांघरूण आणि पाणी झारीने. आता कुठेकुठे तुषारने देतात. सात-दहा दिवसांत उगवण होते. कांद्याचा कोंब सरळ वर येत नाही, मान मोडून दुमडलेला येतो आणि मग ताठ होतो. तो दुमडलेला हिरवा दोरा दिसला की गवत लगेच काढावं लागतं. एक दिवस उशीर झाला तर कोंब त्यातच अडकतात, लांबुळके आणि पांढुरके होतात. चांगलं रोप करणारी माणसं त्या आठवड्यात गावाला जात नाहीत.

कांद्याचं बी बारीक, एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे दाणे. एकराला तीन-चार किलो लागतं. 15 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरवर लावणी केली तर एकरात सुमारे 2 लाख 70 हजार रोपं बसतात. ही सगळी हाताने लावली जातात, आणि लावणारे हात बहुतेक बायांचे असतात. उपटण्याआधी काही दिवस पाणी तोडतात, म्हणजे रोप काटक होतं. उपटताना वाफा पुन्हा भिजवतात, जुड्या बांधतात, पातीचे शेंडे छाटतात, मुळं औषधाच्या पाण्यात बुडवतात आणि मग अंगठ्याने ओल्या मातीत दाबत पुढे सरकतात. पाठ दिवसभर वाकलेली असते. या लावणीला सर्वदूर चालेल असं यंत्र अजूनही आपल्या वावरात आलेलं नाही.

रोप किती दिवसांचं न्यायचं हे कांद्याच्या स्वभावावर ठरतं. खरिपात साधारण सहा-सात आठवडे, रब्बीत सात-आठ. रब्बीत रोप फार जून आणि जाड झालं आणि थंडी कडक पडली, तर कांदा पहिल्याच वर्षाला दुसरं समजतो, दांडा काढून फुलायला लागतो. अशा डेंगळे आलेल्या कांद्याला बाजारात कोणी विचारत नाही. दुसरी अट दिवसाच्या लांबीची. 1920 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अॅलर्ड यांनी दाखवून दिलं, की कित्येक वनस्पती आपला हंगाम दिवसाच्या लांबीवरून ओळखतात. पुढच्या संशोधनात कांद्याचं पोसणंही याच नियमाने होतं हे दिसलं. उत्तर युरोपातल्या कांद्याला पोसायला चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो. बुलढाण्याचा सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, म्हणून तिकडचं बी इथे लावलं तर पातच होते, कांदा धरत नाही. आपल्या जाती अकरा-बारा तासांवर पोसतात. निफाडच्या संशोधनातून आलेला एन-53 खरिपासाठी, पिंपळगाव बसवंतचा एन-2-4-1 रब्बीसाठी, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा पांढरा ‘अकोला सफेद’, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या ‘भीमा’ मालिकेतल्या जाती, या सगळ्या त्या हिशोबात बसवलेल्या आहेत.

खरिपासाठी आणखी एक वाट आहे. जानेवारी-फेब्रुवारीत बी दाट पेरायचं, विरळणी करायचीच नाही. रोपं एकमेकांच्या गर्दीत खुंटतात आणि एप्रिल-मेपर्यंत गोटीएवढ्या कांद्या होतात. त्या पातीसकट वाळवून हवेशीर जागी ठेवायच्या आणि ऑगस्टमध्ये लावायच्या. पावसाळ्यातल्या वाफ्याचा धोका टळतो आणि माल दिवाळीच्या पुढेमागे बाजारात येतो. नाशिकच्या राष्ट्रीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अॅग्रीफाउंड डार्क रेड’ या जातीबरोबर ही पद्धत पुढे आणली. युरोपातल्या परसबागांत अशा बारीक कांद्या विकत आणून लावणं ही तर रीतच आहे. आपल्याकडे ती फारशी पसरली नाही. तीन महिने उन्हाळ्यात त्या सांभाळायच्या, त्यात सडणं-कोंबणं आलं, आणि ते नुकसान सोसायची ताकद प्रत्येकाकडे नसते.

लसणाची गोष्ट वेगळी. त्याचं रोप टाकता येत नाही, कारण त्याला बीच धरत नाही. हजारो वर्षं माणसाने पाकळ्या लावून लावून त्याची वीण थांबली. म्हणून लसणाची पूर्वतयारी म्हणजे बेण्याची निवड: गड्डा लावणीच्या तोंडावरच फोडायचा, बाहेरच्या मोठ्या पाकळ्या घ्यायच्या, आतल्या किरकोळ घरात वापरायच्या आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोक वर करून पाकळी टोचायची. काढल्यावर गड्डे काही महिने झोपलेले असतात, ती झोप मोडल्याशिवाय कोंब येत नाही. 1980 च्या दशकात मात्र जपानच्या कागोशिमा विद्यापीठातल्या एतोह यांना मध्य आशियात बी धरू शकणारा लसूण सापडला. तेव्हापासून लसणाचंही रोप टाकणं निदान प्रयोगशाळेत शक्य झालं आहे.

या दोघांच्या मधे आहे तामिळनाडूतला सांबार कांदा, एका कांद्याचे अनेक होणारा. तो परंपरेने कांदा लावूनच वाढवतात, आणि कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने अलीकडे बियावर येणाऱ्या जातीही दिल्या आहेत.

रोपाच्या कुळाचं दुसरं टोक मात्र बीबीच्याच परिसरात आहे. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या पट्ट्यात कांद्याचं बीज तयार होतं. हिवाळा कोरडा, बाजूलाच जालना, आणि जालन्यात 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ सुरू केली तेव्हापासून बियाण्याच्या धंद्याने तिथे मूळ धरलं. इथले शेतकरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवडलेले कांदे लावतात, जानेवारी-फेब्रुवारीत दांड्यांवर पांढरे गोंडे फुलतात. या पिकाला इकडे टोळ कांदा म्हणतात. कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो आणि फुलाचं बीजमुख नंतर तयार होतं, त्यामुळे मधमाशीशिवाय बी भरत नाही. त्या दिवसांत कीटकनाशक मारणं म्हणजे आपल्याच हाताने दाणा पोचट करणं. दोन जातींत अर्धा-एक किलोमीटरचं अंतरही ठेवावं लागतं, म्हणून शेजारच्याने काय लावलं याची चौकशी आधीच होते. संकरित बियाण्याची वाट 1925 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे उघडली. एच. ए. जोन्स यांना एका शेतात पराग नसलेलं कांद्याचं एक झाड सापडलं. त्याच्या वंशावर जगभरचा बराचसा संकरित कांदा उभा राहिला.

कांद्याचं बी साध्या साठवणीत वर्षभरानंतर उगवायचं कमी होतं. त्यामुळे साठा करून निभावत नाही, दरवर्षी ताजं लागतं. 2020 च्या पावसाळ्यात सततच्या पावसाने राज्यात ठिकठिकाणी रोपं कुजली. शेतकऱ्यांना दुसऱ्यांदा बी हवं होतं आणि बी मिळेना. ऑक्टोबरच्या अखेरीस केंद्र सरकारने कांदा बियाण्याच्या निर्यातीवर बंदी घातली. तो अनुभव ताजा असलेली घरं आता विकण्याच्या टोळाबरोबर दोन-चार ओळी घरच्या रोपासाठी वेगळ्या राखतात. एप्रिलमध्ये गोंडे कापून, वाळवून, झोडून काळं बी निघतं, आणि घरचं बी आधी बाजूला काढून मगच उरलेल्याची पोती भरली जातात.