शेतकऱ्याचें कर्ज आणि शेतकऱ्याचें मन

आतांच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं पुणतांबें हें गांव आहे. चौदाशें वर्षें जगल्याची आख्यायिका ज्यांच्याविषयीं सांगतात त्या चांगदेवांची समाधि तेथें आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीकडे जाणारा फांटाहि तेथूनच फुटतो. परंतु सन २०१७ मध्यें या गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें तें निराळ्याच कारणानें. तेथील ग्रामसभेनें शेतकऱ्यांच्या संपाचा ठराव केला, आणि १ जूनपासून खेड्यांतून शहरांकडे जाणारें दूध व भाजीपाला ठिकठिकाणीं अडून राहिला. शहरांतील श्रोत्यांस तो आठवडा आठवत असेल. गिरणीकामगाराचा संप लोकांच्या परिचयाचा होता. पण ज्याला मालक नाहीं त्यानें संप कोणाविरुद्ध करावयाचा, हा प्रश्न पुष्कळ घरांत बिनदुधाच्या चहाबरोबर विचारला गेला.

संपकऱ्यांच्या मागण्या मुख्यतः दोन होत्या: कर्ज माफ व्हावें, आणि स्वामिनाथन आयोगानें सुचविल्याप्रमाणें उत्पादनखर्चाच्या दीडपट भाव मिळावा. २४ जून रोजीं राज्य सरकारनें ३४,०२२ कोटि रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. मागणी कर्जाची, उत्तरहि कर्जाचें. यांत कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. या प्रांतांत शेतकऱ्याच्या दुःखाची चौकशी करण्याची जी रीत पडली तीच मुळीं हिशेबाच्या वहीवरून पडली.

ती रीत सुमारें दीडशें वर्षांची आहे. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले आणि दंग्याचें लोण पाहतां पाहतां अहमदनगर जिल्ह्यांत पोंचलें. माणसें मारण्याकडे या दंगेखोरांचा रोख नव्हता. सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढावयाचे आणि त्यांची होळी करावयाची, हाच त्यांचा मुख्य उद्योग होता. सरकारनें आयोग नेमला. सारावाढ, व्याजाचे दर, अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें चढलेला आणि मग कोसळलेला कापसाचा भाव, या सर्वांचा आयोगानें बारकाईनें शोध घेतला. आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. केवळ रोख्यावर विसंबून न राहतां मूळ देवघेवीपर्यंत मागें जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार त्यानें न्यायाधीशास दिला. चौकशीवरून धोरण आणि धोरणावरून कायदा, याचें आपल्याकडील हें एक जुनें आणि बऱ्यापैकीं उदाहरण होय. मात्र जो शेतकरी रोखा जाळावयास गेलाच नाहीं, नुसता ओट्यावर रात्र रात्र जागा राहिला, त्याची नोंद ठेवण्याचें त्या अहवालास प्रयोजन नव्हतें.

मनाचें खातें वेगळें होतें, आणि त्या खात्याची मुख्य खूण म्हणजे उंच भिंत. १८६० च्या दंडसंहितेनें, जीव देण्याचा प्रयत्न करून वांचलेल्या मनुष्यास गुन्हेगार ठरविलें. १९१२ च्या कायद्याच्या तर नांवांतच वेड होतें. १९४६ सालीं भोर समितीनें आरोग्याची देशव्यापी पाहणी पुरी केली, तेव्हां असें दिसून आलें कीं, इंग्लंडांत सुमारें ३०० लोकांमागें मनोरुग्णालयांत एक खाट असतां येथें ती ४०,००० लोकांमागें एक होती. पुढें १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, आणि कर्नाटकांतील बेल्लारी जिल्ह्यांत झालेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ सालीं जिल्हावार कार्यक्रम सुरू झाला. जिल्ह्यापर्यंत मजल गेली खरी. पण जिल्ह्याचें ठिकाण म्हणजे खेडें नव्हे.

खेड्यांतील उंबरठ्यापर्यंत पोंचण्याची युक्ति सांपडली ती याच अहमदनगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, जामखेडास. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं तेथें काम आरंभिलें. शिकलेली परिचारिका खेड्यांत रुळत नाहीं, आणि रुळली तरी गांव तिला आपली म्हणत नाहीं, हा अनुभव आल्यावर त्यांनीं गांवांतल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांतील बऱ्याच जणींस अक्षरओळखहि नव्हती. या स्त्रियांनीं बाळंतपणें, मुलांचे आजार, पाण्याची स्वच्छता असे विषय आपल्या आळींत नेऊन पोंचविले. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मनाचे विकार हा या कार्याचा मुख्य विषय नव्हता. तथापि आजाराची हकीकत डॉक्टरापेक्षां शेजारणीला आधीं कळते, ही गोष्ट तेथें सिद्ध झाली, आणि २००५ नंतर गांवोगांव ज्या 'आशा' कार्यकर्त्या दिसूं लागल्या त्यांची कल्पना अशाच प्रयोगांवरून उचललेली आहे.

त्याच सुमारास शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चौकशी सुरू झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें मार्च २००५ मध्यें आपला अहवाल दिला. पुढल्या वर्षीं इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्र यांनीं राज्य सरकारसाठीं पश्चिम विदर्भांतील १११ घरांची पाहणी प्रसिद्ध केली. शंभरांत ८७ घरीं कर्ज होतें, ७४ घरीं आर्थिक स्थिति खालावली होती. आणि ५५ घरीं कुटुंबांतच कलह होता. व्यसन, आजारपण, मृताच्या वागण्यांत अलीकडे पडलेला फरक, यांचीहि नोंद त्यांत होती. हे आंकडे एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि त्यांचें मोल तेथेंच आहे. १८७५ च्या आयोगानें जी वही उघडली होती तीच येथें पुन्हां उघडली गेली. मात्र या वेळीं तिच्या समासांत घरांतलें भांडण आणि घरच्या कर्त्याचा अबोला लिहिला गेला. कर्जबाजारी तर पुष्कळच होते. त्यांतून कोण खचतो, हें नुसत्या रकमेवरून कळणारें नव्हतें.

मग उपाय कोणी करावा? मनोविकारतज्ज्ञ खेड्यांत नाहींत, आणि लवकर येण्याचीं चिन्हेंहि नाहींत. गोव्यांतील 'संगाथ' या संस्थेनें तेथील आरोग्यकेंद्रांत सामान्य शिक्षण झालेल्या माणसांस समुपदेशनाचें काम शिकवून पाहिलें होतें. तीच पद्धति तिनें अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत 'विश्राम' या नांवानें नेली. गांवांतील कार्यकर्त्यानें घरोघर जाऊन बोलावें, ज्यास अधिक आधाराची गरज असेल त्यास शिकविलेल्या समुपदेशकाकडे न्यावें, आणि फारच विकोपास गेलेल्याची गांठ प्राथमिक आरोग्यकेंद्रावर येणाऱ्या तज्ज्ञाशीं घालून द्यावी, अशी ही उतरंड होती. राहुल शिधये व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. आरंभीं, खिन्नतेच्या विकारानें ग्रासलेल्या शंभर माणसांत केवळ ४.३ जणांनीं कोणाची तरी मदत घेतली होती. दीड वर्षानें तें प्रमाण २७.२ झालें. गेल्या बारा महिन्यांत जीव देण्याचे विचार मनांत येऊन गेल्याचें सांगणारे शंभरांत ५.२ होते, ते २.५ वर आले. तुलनेसाठीं दुसरीं गांवें या पाहणींत घेतलेलीं नव्हतीं, म्हणून सर्व श्रेय या योजनेसच देतां येत नाहीं. परंतु शेतकरी मनाचें दुखणें बोलून दाखवीतच नाहीं, हा समज मात्र त्या ३० गांवांनीं खोटा पाडला. विचारणारें माणूस घरापर्यंत आलें तर तो बोलतो.

योगायोग असा कीं, ज्या वर्षीं हे निष्कर्ष छापून आले आणि पुणतांबें संपावर गेलें, त्याच वर्षीं ७ एप्रिल रोजीं नव्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचें या कामीं साहाय्य होतें. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरावें, त्यास शिक्षा न करतां त्याची शुश्रूषा व पुनर्वसन करणें हें सरकारचें कर्तव्य समजावें, असें त्याच्या ११५ व्या कलमानें ठरविलें. २९ मे २०१८ पासून तो अंमलांत आला. १८६० ची संहिता मात्र १ जुलै २०२४ पर्यंत पुस्तकांत राहिली.

राज्याच्या आरोग्यखात्यानें २०१५ सालींच 'प्रेरणा प्रकल्प' हातीं घेतला होता. आशा कार्यकर्तीनें शेतकऱ्याच्या घरीं जाऊन प्रश्नावली भरावयाची, आणि ताणाखालीं दिसेल त्यास उपचारापर्यंत पोंचवावयाचें, असें त्याचें स्वरूप होतें. गरोदर स्त्रियांची नोंद, लसीकरणाची नोंद, त्यांत ही आणखी एक वही तिच्या पिशवींत पडली. हा प्रकल्प विदर्भ व मराठवाडा येथील १४ जिल्ह्यांसाठीं होता. पुणतांबें आणि जामखेड ज्या जिल्ह्यांत आहेत, तो जिल्हा त्या चौदांत नव्हता.