चांदा मुलखातील गोंड किल्ले व वाडे

विदर्भाच्या आग्नेय टोकाला, वर्धा, वैनगंगा आणि प्राणहिता यांच्या आसऱ्याने पसरलेल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गोंड राजांचे, त्यांच्या आधीच्या माना सरदारांचे आणि नंतरच्या जमीनदारांचे किल्ले, समाध्या व राजवाडे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. जुनी माणसे आजही त्याला चांदाच म्हणतात. चंद्रपूरचा परकोट, बल्लारपूर, माणिकगड, भद्रावती, वैरागड, टिपागड आणि सुरजागड ही इथली मुख्य दुर्गस्थळे आणि अहेरी हे राजवाड्याचे गाव. सह्याद्रीतले गड पायाखाली घातलेल्या माणसाची इथे पहिल्यांदा थोडी निराशा होते. कडे नाहीत, माच्या नाहीत. मोठे किल्ले सपाटीवर, नदीकाठी, गावाला कवेत घेऊन बसलेले. वर्धेच्या बाजूला दगड भरपूर आहे. पूर्वेला जंगलात जसजसे शिरावे तसतसे बांधकाम कमी आणि कथा जास्त होत जातात. राजाची सत्ता भिंती बांधून टिकली, जंगलातल्या जमीनदारांची सत्ता वाटा, तळी आणि माणसे हाताशी धरून टिकली, आणि मागे उरलेले अवशेषही त्याच हिशेबाने उरले आहेत.

परंपरेनुसार गोंडांची पहिली राजधानी सिरपूर (आता तेलंगणात), मग बल्लारपूर आणि शेवटी चांदा. वंशावळ्यांतल्या सुरुवातीच्या सनावळ्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून पंधराव्या शतकातला राजा आणि साल यांची जोडी छातीठोकपणे सांगणाऱ्या फलकांवर फार विसंबू नये. पक्की नोंद येते ती अकबराच्या काळात. ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फजलने चांद्याच्या बाबाजी राजाकडे १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ असल्याचे लिहिले आहे. वैरागडची हिऱ्यांची खाण त्याने नुकतीच दुसऱ्या सरदाराकडून हिसकावल्याचे आणि त्या भागात रानहत्ती पुष्कळ असल्याचेही तो नोंदवतो. १७५१ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी शेवटचा राजा नीलकंठशाह याला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत टाकले आणि गोंड राज्य संपले. मे १८१८ मध्ये कर्नल अॅडम्सच्या इंग्रज फौजेने चांद्याच्या भिंतीला खिंडार पाडले. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदाही थेट कंपनी सरकारच्या हाती गेला.

चंद्रपूरचा परकोट : इरई आणि झरपट या नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या शहराभोवती सुमारे ११ किलोमीटरची ही दगडी भिंत फिरते. तिला चार दरवाजे आहेत : उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा. त्याखेरीज पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. शेवटच्या दोघींचा उपयोग नावावरूनच कळतो. दरवाज्यांवर कोरलेला, हत्तीला नमवणारा सिंह ही गोंड राजांची मुद्रा. जटपुरा दरवाज्यातून शहराची सगळी वर्दळ जाते. तिथे मान वर करून ती मुद्रा न्याहाळायला पहाटे जाणे बरे. पठाणपुऱ्याला उलट शांतता असते, फक्त इरईला पूर आला की दरवाज्याबाहेरचा रस्ता पाण्याखाली जातो.

किल्ल्याची जन्मकथा खांडक्या बल्लाळशाहाच्या नावावर आहे. अंगभर गाठी आणि फोडांनी गांजलेला हा राजा बल्लारपुराहून शिकारीला निघाला, तहानेने झरपटीच्या कोरड्या पात्रात उतरला आणि एका खळग्यातले पाणी प्याला. त्या रात्री त्याला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. राणीने पाहिले तर फोड मावळू लागलेले. खळगा उपसला तेव्हा देवाचे ठाणे सापडले. तिथेच अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. पुढे त्याच रानात राजाच्या कुत्र्यामागे एक ससा धावला, म्हणजे उलटाच प्रकार. राणीच्या सल्ल्याने ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर भिंतीची आखणी झाली आणि ती तेल ठाकूर नावाच्या कारभाऱ्याने केली, असे सांगतात. कुत्र्याला पळवणारा ससा भारतातल्या अनेक शहरांच्या जन्मकथांत भेटतो, अहमदाबादच्याही; चांद्याच्या कथेचा वेगळेपणा राणीच्या भूमिकेत आहे. खांडक्याने सुरू केलेली भिंत पुरी व्हायला मात्र अनेक पिढ्या गेल्या. तिच्या पूर्णत्वाचे श्रेय धुंड्या रामशाह या राजाला दिले जाते.

राण्यांचा विषय निघाला की चांद्यात हिराईचे नाव टाळता येत नाही. तिचा नवरा बीरशाह याचा हिरामण नावाच्या रजपूत सेवकाच्या हातून खून झाला. हिराईने चंदनखेड्याच्या घराण्यातल्या रामशाहाला दत्तक घेतले, त्याच्या वतीने राज्य चालवले, महाकालीचे देऊळ नव्याने बांधले आणि अंचलेश्वर दरवाज्याजवळ नवऱ्याची समाधी उभारली. उंच जोत्यावरची, घुमटाची ही इमारत इथल्या राजघाटावरच्या सगळ्या समाध्यांत मोठी आहे. बांधणीची धाटणी मुसलमानी थडग्यांची, आत विसावलेला राजा गोंड आणि शेजारी महादेवाचे देऊळ. अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे चांदा कसे होते ते ग्रंथांपेक्षा इथे उभे राहिल्यावर लवकर समजते. चंद्रपुरात एकच वास्तू पाहण्याइतका वेळ असेल तर परकोटाआधी ही समाधी पाहावी. चैत्रात महाकालीच्या यात्रेला नांदेडकडून आणि एकूणच मराठवाड्यातून भाविकांची रीघ लागते. तेव्हा या बाजूला वाहन आणणे शहाणपणाचे नाही. यात्राच पाहायची असेल तर गोष्ट वेगळी.

राजाचा मूळ कोट मात्र पाहता येत नाही, कारण तिथे जिल्हा कारागृह आहे. याच आवारातल्या पिंपळावर मोलमपल्लीचे बाबूराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी देण्यात आली. १८५७-५८ च्या उठावात त्यांनी जंगल भागातील गोंड, माडिया आणि रोहिल्यांना एकत्र करून इंग्रजांशी अनेक चकमकी केल्या होत्या. त्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांचा हात होता.

परकोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तरी कित्येक वर्षे त्यावर झुडपे, कचरा आणि लगतच्या घरांच्या भिंती यांचेच राज्य होते. १ मार्च २०१७ पासून ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी रोज पहाटे श्रमदानाने बुरूज आणि तटावरची वाट मोकळी करायला सुरुवात केली. त्याच वर्षी पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाला. आज तटावरून बरेच अंतर चालता येते ते या मोहिमेमुळे. अशा ठिकाणी डागडुजीपेक्षा झाडांची मुळे काढणे अधिक तातडीचे असते, हे या मुलांनी सरकारी अंदाजपत्रकाची वाट न पाहता ओळखले.

शहराच्या आतला रामाळा तलाव रामशाहाच्या नावाचा. शहरालगत बाबुपेठ-लालपेठ भागात रायप्पा नावाच्या कोमट्याने घडवायला घेतलेल्या आणि तशाच उघड्यावर राहिलेल्या प्रचंड एकाश्म मूर्ती आहेत. त्यांतली दशमुखी दुर्गा पाहून माणूस गप्प होतो. शहराजवळ जुनोन्याला तलावाकाठी गोंडांचा जलमहाल आहे. ताडोब्याला मोहर्लीच्या बाजूने गेल्यास रस्त्याकडेला ओळीने उभे दगडी खांब दिसतात; जंगलातून निरोप पोचवण्यासाठी ते गोंडकाळात रोवले, असे वाटाडे सांगतात. वाघाकडे डोळे लावलेली बहुतेक वाहने ते न पाहताच पुढे जातात.

बल्लारपूर : वर्धेच्या पूर्व काठावरचा भुईकोट. तट बऱ्यापैकी शाबूत आहेत. आत शिरताना दोन दरवाजे एकमेकांना काटकोनात येतात. शत्रूला थेट मुसंडी मारता येऊ नये हा त्यामागचा हेतू. नदीकडे उतरणारा छोटा दरवाजा आहे. आतल्या वाड्याचे आता पायेच उरले आहेत. तटावर चढले की एका बाजूला नदीचे रुंद पात्र आणि दुसऱ्या बाजूला कागद कारखान्याचे गाव दिसते. नीलकंठशाहाची कैद इथलीच.

माणिकगड व भद्रावती : माणिकगड हा गडचांदूरच्या पुढे, जिवतीकडच्या डोंगररांगेतला गिरिदुर्ग, आणि या मुलखात चढण्याची हौस भागवणारा जवळजवळ एकमेव. परंपरा त्याला माना राजा गहिलूचा आणि माणिक्यादेवीच्या नावाचा मानते. दरवाज्यावरचे नागाचे शिल्प या परंपरेशी जुळणारे आहे, कारण मानांना नागवंशी म्हणत. आत झाडी माजलेली असते. पावसाळ्यानंतर लगेच गेल्यास तट शोधत हिंडावे लागते. भद्रावतीचा किल्ला लहान. तिथे जाणारे बहुतेक लोक विजासनची बौद्ध लेणी आणि भद्रनागाचे देऊळ पाहायला जातात, आणि त्यांचे चुकते असे नाही.

वैरागड : गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यात, खोब्रागडी नदीच्या परिसरात. खंदक, तट आणि दरवाजे असलेला हा भुईकोट पूर्वेकडच्या अवशेषांत सर्वांत भरीव आहे. हिरे मिळत होते म्हणूनच इतक्या आत, इतका बंदोबस्त करायची गरज पडली. गावातले भांडारेश्वराचे देऊळही पाहण्यासारखे आहे. अबुल फजलने लिहिलेले रानहत्ती पुढे या भागातून नाहीसे झाले होते. २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने एक कळप गडचिरोलीत उतरला आणि तेव्हापासून धानाच्या शेतांना त्याचा धाक आहे. म्हणून सायंकाळी उशिरापर्यंत किल्ल्यात रेंगाळू नये, आणि कळप कुठे आहे ते गावात आधी विचारून घ्यावे.

टिपागड व सुरजागड : छत्तीसगडच्या सीमेलगतच्या डोंगरातला टिपागड म्हणजे माथ्यावरचे मोठे तळे, त्याभोवतीचे ओबडधोबड तट आणि पुरम राजाच्या कथा. पाणी आटत नाही, म्हणून डोंगर पूज्य; किल्ला म्हणून त्याचे महत्त्व त्यानंतर. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे आणि दर जानेवारीत तिथे पंचक्रोशीतल्या माडिया गोंडांची यात्रा भरते. हाच डोंगर उत्तम लोहखनिजाचा असल्याने तो पोखरला जात आहे. खाणीला पाठिंबा आणि विरोध असे दोन्ही सूर आसपासच्या गावांत ऐकू येतात. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खनिज वाहणारे ट्रक मोठ्या संख्येने जाळले होते. या दोन्ही ठिकाणी गावातला माणूस सोबत घेतल्याशिवाय जाऊ नये. वाट सापडण्यासाठीच नव्हे, देवाच्या जागेचे रीतिरिवाज पाळण्यासाठीही.

अहेरी : चांद्याच्या पूर्व भागात वीसच्या आसपास जमीनदाऱ्या होत्या, त्यांत सर्वांत मोठी अहेरीची. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून जमीनदाऱ्या गेल्या, आणि बहुतेकांचे वाडे पडके झाले किंवा साध्या घरांत विरघळले. अहेरीचा राजवाडा मात्र नांदता राहिला, कारण आत्राम घराणे राजकारणात उतरले. राजे विश्वेश्वरराव १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. अहेरी विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत याच घराण्यातले वडील, मुलगी आणि पुतण्या एकमेकांसमोर उभे होते. राजवाडा हे राहते घर आहे, संग्रहालय नव्हे. परवानगीवाचून आत जाता येत नाही. सर्वांना खुला असतो तो दसरा. राजवाड्यातून राजांची पालखी निघते, सीमोल्लंघन होते आणि दूरदूरच्या पाड्यांवरून लोक पायी, ट्रॅक्टरने येतात. एरवी ‘राजनगरी’ म्हणून ओळखले जाणारे हे तालुक्याचे गाव त्या दिवशी नावाला साजेसे दिसते.

प्रवास : जर्मनीत मानहाइमहून निघणारा ‘किल्ल्यांचा रस्ता’ १९५४ साली आखला गेला आणि वाटेवरच्या गढ्या, गावे, खाणावळी एका नकाशात आल्या. चांदा मुलखात असा आखीव मार्ग नाही; तो आपला आपणच जुळवावा लागतो. चंद्रपूर आणि बल्लारपूर ही दिल्ली–चेन्नई रेल्वेमार्गावरची स्थानके. चंद्रपूरचा परकोट, समाध्या आणि बल्लारपूर यांसाठी चंद्रपुरात मुक्काम सोयीचा. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे वडसा (देसाईगंज) इथेच भेटते. वैरागडला तिथून जावे. अहेरीला आलापल्लीवरून एसटी जाते. आलापल्लीजवळचे जुन्या सागवानाचे ‘वनवैभव’ वाटेतच आहे, ते चुकवू नये. मार्चनंतर चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि तटाचा दगड दुपारी हात लावू देत नाही, तेव्हा दिवाळी ते होळी हाच काळ धरावा. पावसाळ्यात दक्षिण गडचिरोलीतले नाले भरले की रस्ते तुटतात. दसऱ्याला अहेरी गाठायचे असेल तर एक दिवस हाताशी ठेवून निघावे.