मसीहा, अवतार आणि तारणहार

लखनौमधल्या मानक नगरात रेल्वेच्या रुळांपासून डब्यांपर्यंत सगळ्याची प्रमाणं ठरतात. १९५७ साली स्थापन झालेल्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेमुळे वस्तीला हे नाव पडलं. ‘मानक’ म्हणजे आपलं ‘प्रमाण’. तेव्हा शब्दाच्या मापाचाही एक वाद इथेच उकरून काढतो.

‘मसीहा म्हणजे तारणहार, आपल्याकडचा अवतार’, असं सर्रास मानलं जातं. मराठी बातम्यांतही ‘गरिबांचा मसीहा’ हिंदीतून सरळ उतरतो. मला हे मान्य नाही.

मसीहाचं मूळ हिब्रू ‘माशिआख’, आणि त्याचा अर्थ तेल लावलेला, अभिषिक्त. बायबलात शमुवेल संदेष्ट्याने शौलाच्या, मग दाविदाच्या डोक्यावर तेल ओतलं, ते राजे झाले. ग्रीक ‘ख्रिस्तोस’ म्हणजेही तेच. जवळचा संस्कृत शब्द शोधायचा तर तो ‘मूर्धाभिषिक्त’. १६७४ साली रायगडावर शिवरायांचा झाला तो अभिषेक, फक्त तेलाऐवजी जलाचा. बायबलातल्याच यशया ग्रंथाच्या ४५व्या अध्यायात तर ही पदवी इराणच्या कोरेश बादशहाला दिली आहे, आणि तो यहुदीही नव्हता!

‘अवतार’ची दिशाच उलटी. अव + तॄ, म्हणजे खाली उतरणं. अवतारात देव खाली येतो, अभिषेकात माणूस वर चढतो. ‘तारणहार’ही त्याच तॄ धातूचा, पण तो पैलतीरी नेणारा. (आपल्या भाषेनं त्याच ‘तारण’ला सावकाराकडे गहाणही टाकलं, आणि ‘हा काय अवतार!’ म्हणून विस्कटलेल्या केसांनाही तोच शब्द दिला.)

कुणी म्हणेल, धातूवर काय अडून बसता, अर्थ वापरानं ठरतो. कबूल. पुढच्या यहुदी परंपरेत माशिआख म्हणजे वाट पाहावा असा राजा झाला, हेही खरं. पण मग लखनौचा वापरही मोजा. अरबी ‘मसह’ म्हणजे हात फिरवणं, पुसणं. हजरत ईसांच्या, म्हणजे येशूच्या, स्पर्शानं रोगी बरे होत, म्हणून उर्दूत मसीहा म्हणजे बरं करणारा आणि ‘मसीहाई’ म्हणजे हातगुण. इथली शायरी प्रेयसीला मसीहा म्हणते ती दुखणं घालवणारी म्हणून; तिनं राज्य करावं किंवा भवसागरातून तारून न्यावं अशी अपेक्षा त्यात नाही.

तेव्हा मराठी उपसंपादकांना विनंती: गरिबांची बाजू घेऊन भांडणाऱ्याला आपल्याकडे ‘कैवारी’ हा शब्द आहे. तो लिहा, आणि मसीहा डॉक्टरांसाठी राहू द्या.