पहिला रॉड : कलकत्त्याचा बांबू ते कार्बन

मंडळी, मासे पकडायचा पहिला रॉड घ्यायला गेलात तर दुकानात दोन शब्द हमखास कानावर पडतील : ग्लास आणि कार्बन. कार्बन महाग, म्हणजे भारी. ग्लास म्हणजे जुनं. आपल्या धंद्यातही असंच असतं ना, नवीन व्हर्जन आलं की जुनं टाकाऊ! पण या काठीचा इतिहास वाचत गेलो आणि लक्षात आलं की प्रकरण इतकं सरळ नाहीये.

कोकणात गरवायला जाणारा माणूस बांबूची काठी तोडतो, दोरा आणि गरी बांधतो, विषय संपला. तिकडे अमेरिकेतही बरीच वर्षं अख्ख्या लाकडाचे रॉड चालायचे. मजबूत, पण जड. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिप नावाच्या बंदुका बनवणाऱ्या कारागिराने बांबू चिरून त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या. बांबूचं खरं बळ सालीलगतच्या धाग्यांत असतं. तेवढा भाग ठेवायचा, बाकीचा तासून टाकायचा आणि त्रिकोणी पट्ट्या जोडून भरीव काठी करायची. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने १८७० च्या दशकात सहा पट्ट्यांचा रॉड यंत्राच्या मदतीने बनवून लोकप्रिय केला.

आता गंमत बघा. हा बांबू कुठला? कलकत्त्याचा! त्या बंदरातून जायचा म्हणून नावच पडलं 'कलकत्ता केन'. ही जात सहसा तीच सांगतात जी आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात उगवते. म्हणजे अमेरिकेतला ट्राउट बऱ्याच अंशी आपल्या बांबूवर पकडला जात होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या 'टोंकिन' बांबूने त्याची जागा घेतली. तो जास्त सरळ, पेरं लांब आणि धागे दाट.

आणि मग सगळा धंदा एकाच व्हेंडरवर अवलंबून! व्हायचं तेच झालं. कोरियन युद्धात चीन उतरला आणि डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. बांबू येईना. ज्यांच्या गोदामात माल होता ते तगले. फायबरग्लासचे रॉड त्याआधी काही वर्षं बाजारात आले होतेच, त्यांना रान मोकळं मिळालं. बंदी १९७१ मध्ये उठली, पण तोवर पिढी बदलली होती. थोडक्यात, ग्लास जिंकला तो काही फक्त गुणांवर नाही, राजकारणाचाही त्यात हात होता.

कार्बनची कथा विमानांची. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत मजबूत कार्बन फायबर तयार झालं आणि १९७३ मध्ये अमेरिकेतल्या फेनविक कंपनीने त्याचा रॉड बाजारात आणला. हलका, ताठ, माशाने नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं. पण दगडावर आपटून बारीकशी चीर पडली की नंतर ऐन वेळी फटकन मोडतो. आणि कार्बन वीजवाहक आहे! उंच धरलेला रॉड विजेच्या तारांना लागून माणसं गेलेली आहेत. काठी कुठलीही असो, तारांखाली गळ टाकायचा नाही. विजा चमकायला लागल्या तर गुंडाळून घरी.

रीळचंही असंच. ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ मध्ये फिरकी स्थिर ठेवणाऱ्या रीळचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या बॉबिनवरून जसा धागा टोकाकडून सुटतो, तशी दोरी सुटते. फिरकीच फिरत नाही, त्यामुळे ती जादा फिरून दोरीचा गुंता होण्याचा प्रश्नच मिटला. नवशिक्यांवर केवढे उपकार!

तर माझं मत : पहिला रॉड साडेसहा-सात फुटांचा, मध्यम ताकदीचा, ग्लासचा किंवा ग्लास-कार्बन मिश्र घ्या. रीळ स्थिर फिरकीचं. ग्लास थोडा जड आहे, पण आपटतो, वाकतो, चुका पोटात घालतो, आणि सुरुवातीला चुकाच जास्त होतात. कार्बन पुढे कधीतरी. तोवर उरलेल्या पैशांत गऱ्या, दोरा आणि तळ्यापर्यंतचं पेट्रोल येईल. नवीन ते प्रत्येकासाठी चांगलं असतंच असं नाही, हे आपण आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको :)