वैखरीच्या अलीकडे : तोतरेपणाच्या मेंदूविज्ञानाची कुळकथा

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या सतराव्या दशकात, तत्त्वनिरूपणाच्या समासात, वाणीची जी मांडणी केली आहे, तिच्यात ओठांबाहेर पडणारा उच्चार हा पहिला नव्हे, तर शेवटचा टप्पा ठरतो. नाभीपाशी उमटणारी निव्वळ स्फुरणरूप वृत्ती ती परा, हृदयात ध्वनिरूपाने वसते ती पश्यंती, कंठापाशी नादाचे रूप घेते ती मध्यमा आणि अक्षरे होऊन प्रकट होते ती वैखरी, असा हा क्रम आहे. त्याच समासात अंतःकरणाचाही क्रम सांगितला आहे. आधी निर्विकल्प स्फुरण, मग करावे की न करावे असा संकल्पविकल्प, मग बुद्धीचा निश्चय. म्हणजे माणूस बोलतो तेव्हा जिभेने काही करण्याआधीच पुष्कळ काही घडून गेलेले असते आणि जे घडते ते ठरावीक क्रमाने घडते, ही जाणीव मराठी वाचकाला साडेतीनशे वर्षांपासून परिचयाची आहे.

ही मांडणी रामदासांची स्वतंत्र नव्हे. वाणीचे चार भाग असून त्यांतील तीन गुप्त राहतात आणि माणसे केवळ चौथा बोलतात, ही कल्पना ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात येते, भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त पश्यंती, मध्यमा व वैखरी यांचा विचार केला, आणि पाणिनीय शिक्षेने तर उच्चाराची साखळीच दिली, की आत्मा बुद्धीच्या साहाय्याने अर्थ जुळवतो, मनाला बोलण्यास प्रवृत्त करतो, मन देहातील अग्नीला चेतवते, अग्नी वायूला प्रेरणा देतो आणि वायू छातीतून वर येऊन ध्वनी होतो. या ग्रंथांत आधुनिक मेंदूविज्ञान दडलेले होते असे म्हणणे त्या ग्रंथांवर आणि विज्ञानावर सारखाच अन्याय करणारे ठरेल, कारण त्यांची दृष्टी साधनेची आणि व्याकरणाची होती, शरीरक्रियेची नव्हती. त्यांचा वारसा उत्तराचा नसून प्रश्नाचा आहे. वाणी जर टप्प्याटप्प्याने येत असेल, तर ज्याची वाणी अडते त्याची ती नेमकी कोणत्या टप्प्यावर अडते, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न विचारला गेला नाही, कारण अडखळणे कानाला ऐकू येते ते जिभेपाशी आणि म्हणून दोषही जिभेचाच मानला गेला. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूक, मिन्मिन म्हणजे नाकात बोलणारा आणि गद्गद म्हणजे अस्पष्ट, तुटक बोलणारा, अशा तीन अवस्था वातव्याधींत गणल्या आहेत आणि कफयुक्त वायूने शब्दवाहिनी धमन्या अडवल्यामुळे त्या होतात असे म्हटले आहे. दोष जिभेत न पाहता जिभेकडे येणाऱ्या वाटेत पाहणारे हे एक महत्त्वाचे अपवादात्मक निरीक्षण आहे. घरगुती उपचार मात्र जिभेभोवतीच राहिले. जीभ हलकी व्हावी म्हणून वेखंड उगाळून मधातून चाटवणे, अक्कलकाऱ्याची पूड जिभेला चोळणे, जिभेखालचा पडदा कापून घेणे, हे उपाय मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. युरोपातही समजूत वेगळी नव्हती. बर्लिनचे प्रख्यात शल्यचिकित्सक योहान डीफेनबाख यांनी १८४१ साली तोतरेपणावर उपाय म्हणून रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी शस्त्रक्रिया केल्या, त्याही भूल देण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी.

त्यानंतर अवघ्या वीस वर्षांनी, १८६१ मध्ये, पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी ‘तां’ या एकाच अक्षरापलीकडे बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या कपाळाकडील खालचा भाग नष्ट झाल्याचे दाखवले आणि वाणीला मेंदूत जागा मिळाली. हा भाग उच्चारांची जुळणी करतो. तर १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी दाखवलेला, कानामागच्या बाजूचा डावा भाग ऐकलेल्या शब्दांचे आकलन सांभाळतो. या दोन जागांमधली ये-जा म्हणजेच वाणीचा कारभार, ही कल्पना तेव्हापासून रुजली.

तोतरेपणाकडे ही दृष्टी प्रथम वळली ती अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात. ली ट्रॅव्हिस यांनी सॅम्युअल ऑर्टन यांच्यासह असे मांडले, की जीभ, जबडा व स्वरयंत्र हे मध्यरेषेवरचे अवयव मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा घेत असल्याने, त्यांतील एका अर्धगोलाचे वर्चस्व पुरेसे ठरले नाही तर आज्ञांचा मेळ चुकतो. पुढे त्याच विद्यापीठातील, स्वतः तोतरे असलेल्या वेंडेल जॉन्सन यांनी उलट बाजू घेतली आणि मुलाच्या सामान्य अडखळण्याला आईबापांनी ‘तोतरेपणा’ ठरवले म्हणजे तो रुजतो, असे प्रतिपादन केले. त्यांच्या देखरेखीखाली १९३९ मध्ये अनाथाश्रमातील मुलांवर, त्यांपैकी काहींना त्यांचे बोलणे सदोष असल्याचे सांगत राहून, जो प्रयोग झाला, तो या शास्त्राच्या इतिहासावरचा डाग आहे. आणि जॉन्सन यांच्या सिद्धांतामुळे कित्येक दशके जगभरातील मातांना नसलेल्या अपराधाचे ओझे वाहावे लागले, हे त्याहून कमी दुःखद नाही.

मेंदू जिवंतपणी, बोलत असताना पाहता येऊ लागला तेव्हा चित्र पालटले. १९९६ मध्ये पीटर फॉक्स व सहकाऱ्यांनी, रक्तप्रवाहाचा मागोवा घेणाऱ्या पेट तपासणीद्वारे, तोतऱ्या व्यक्तींच्या मेंदूत उजव्या बाजूची हालचाल करवणारी क्षेत्रे अवाजवी सक्रिय असतात आणि स्वतःचा आवाज ऐकणारी क्षेत्रे मात्र मंदावतात, असे दाखवले. त्याहून बोलके ठरले ते फिनलंडच्या रीटा साल्मेलिन व सहकाऱ्यांचे २००० सालचे संशोधन. मेंदूतील विद्युतप्रवाहाभोवती उमटणारी अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे टिपणारी त्यांची पद्धत सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत क्रम सांगू शकते. समोर शब्द दिसल्यावर पहिल्या ४०० मिलिसेकंदांत, अस्खलित बोलणाऱ्यांमध्ये आधी डाव्या कपाळाकडील, उच्चार जुळवणारा भाग जागा होतो आणि मग हालचालीची तयारी करणारा भाग. तोतऱ्या व्यक्तींमध्ये हा क्रम उलटा आढळला. जुळणी होण्यापूर्वीच स्नायूंची तयारी सुरू होत होती आणि विशेष असे, की त्या वेळी ती माणसे बहुतेक शब्द न अडखळता वाचत होती. अर्थात उलटलेला क्रम हा अडखळण्याचा परिणाम नव्हता. अर्थ सापडलेला आहे, शब्द ठाऊक आहे, जीभ निरोगी आहे आणि गोंधळ आहे तो मध्यमेकडून वैखरीकडे येण्याच्या मधल्या क्षणात, असे जुन्या शब्दांत सांगता येईल.

२००२ मध्ये जर्मनीच्या मार्टिन सोमर व सहकाऱ्यांनी या क्षणाला शरीररचनेचा आधार दिला. मेंदूतील दूरच्या केंद्रांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यांना श्वेतद्रव्य म्हणतात. जीभ व स्वरयंत्र हलवणाऱ्या क्षेत्राच्या लगत, डाव्या बाजूला, या तंतूंची बांधणी तोतऱ्या व्यक्तींमध्ये विस्कळीत आढळली. पुढे सू-उन चांग यांच्या अभ्यासांनी अशाच स्वरूपाचे फरक अगदी लहान वयाच्या तोतऱ्या मुलांतही दाखवले, त्यामुळे हे केवळ आयुष्यभर अडखळल्याचे व्रण आहेत हा आक्षेप दुबळा झाला. डेनिस ड्रेना यांच्या गटाने २०१० मध्ये, पाकिस्तानातील एका मोठ्या कुटुंबापासून माग काढत, पेशींतील टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेशी संबंधित तीन जनुकांतील बदल तोतरेपणाशी जोडले. घराण्यात ‘चालत आलेले’ अडखळणे नक्कल करून येते ही समजूत त्यामुळे मागे पडली.

तोतरी व्यक्ती गाताना किंवा इतरांच्या सुरात सूर मिसळून म्हणताना सहसा अडखळत नाही, हे निरीक्षण फार जुने आहे. फॉक्स यांच्या अभ्यासातही समूहवाचनाच्या वेळी मेंदूतील बरीचशी विसंगती ओसरली होती. मेंदूच्या खोल भागात तळकेंद्रे नावाचे पेशीपुंज असतात आणि पुढचे अक्षर केव्हा सुरू करायचे याचा आतला इशारा ते देतात; हा इशारा चुकत असेल, तर बाहेरून मिळणारा ताल त्याची जागा घेतो, असे एक प्रबळ स्पष्टीकरण आहे. भुजंगप्रयाताच्या ठाशीव लयीतले मनाचे श्लोक सर्वांबरोबर सफाईने म्हणणारा विद्यार्थी हजेरीला स्वतःचे नाव सांगताना का थांबतो, याचे उत्तर बहुधा या यंत्रणेत आहे. तो भित्रा नसतो, आळशीही नसतो. भीती नंतर येते, ती लोकांच्या हसण्यातून.

साधारणपणे शंभरांतील पाच मुले दोन ते पाच या वयात काही काळ अडखळतात, त्यांतील बहुसंख्य आपोआप सावरतात आणि सुमारे एक टक्का लोकांत दोष टिकतो. २०११ च्या जनगणनेतील जालना जिल्ह्याच्या सुमारे १९ लाख ५९ हजार लोकसंख्येला हे प्रमाण लावले, तर ही माणसे पंधरा-वीस हजारांच्या घरात जातात. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांची वर्षातून दोनदा आणि शाळांची एकदा तपासणी होते. त्याच्या तीस आजारांच्या मूळ यादीत भाषाविकासातील विलंब आहे, पण तोतरेपणा स्वतंत्रपणे नाही. तो तेथे यायला हवा. तोवर, सहा महिन्यांहून अधिक काळ अडखळणाऱ्या मुलाला पालकांनी व शिक्षकांनी वेखंडावर न थांबता वाचा-उपचारतज्ज्ञाकडे न्यावे आणि त्याचे वाक्य आपण पुरे न करता त्याला ते पुरे करू द्यावे.