तिखट माशासोबत कोणती वाईन? नांदेड-लातूरच्या ताटासाठी सोपं गणित

नांदेड आणि लातूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. तरीही दोन्ही शहरांत मासे आवडीने खाल्ले जातात. रोहू, कटला, मरळ हे गोड्या पाण्यातले मासे गोदावरी, मांजरा आणि आसपासच्या तलावांतून येतात. सुरमई, पापलेट बर्फात घालून किनाऱ्यावरून येतात. हॉटेलात त्यांच्यासोबत वाईन मागवायची म्हटलं, की प्रश्न पडतो: लाल घ्यायची की पांढरी?

माशासोबत पांढरीच का?

‘माशासोबत पांढरी, मटणासोबत लाल’ हा नियम युरोपातून आला आणि त्यामागे कारण आहे. लाल वाईन द्राक्षाच्या सालींसकट आंबवतात. त्यामुळे तिच्यात टॅनिन उतरतं. कच्ची सुपारी चघळल्यावर तोंड आवळतं, तोच हा तुरटपणा. शिवाय २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की वाईनमध्ये लोहाचं प्रमाण जास्त असेल तर समुद्री खाद्य खाल्ल्यावर तोंडात उग्र, हिवस वास राहतो. हे लोह लाल वाईनमध्ये अनेकदा जास्त आढळतं. पांढऱ्या वाईनचा आंबटपणा मात्र तळलेल्या माशावर लिंबू पिळल्यासारखं काम करतो आणि तेलकटपणा कमी करतो.

पण मराठवाड्याचा रस्सा तिखट असतो, मग?

इथे युरोपचा नियम अपुरा पडतो. मिरचीची आग आणि अल्कोहोलची आग एकमेकींना वाढवतात, टॅनिन त्यात भर घालतं. म्हणून मासा कोणता यापेक्षा मसाला कोणता, हे आधी पाहावं.

• काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा: किंचित गोडसर, कमी अल्कोहोलची पांढरी वाईन. शेनिन ब्लाँ ही द्राक्षाची जात यासाठी सोयीची. गोडवा तिखटाला शांत करतो.
• रवा फ्राय सुरमई किंवा पापलेट: कोरडी आणि आंबट सोव्हिन्याँ ब्लाँ, नाहीतर स्पार्कलिंग वाईन. बुडबुड्यांनी तोंड स्वच्छ होतं.
• तंदुरी मासा किंवा कोळंबीचा मसाला: गुलाबी, म्हणजे रोझे.
• चिंचेचं आंबट कालवण: वाईन कालवणाइतकी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. इथेही सोव्हिन्याँ ब्लाँ चालते.

लालच हवी असेल तर हलकी, कमी तुरट घ्यावी आणि थोडी थंड करून प्यावी. जड शिराझ किंवा कॅबरने मटणासाठी ठेवलेली बरी.

बाटली कुठली?

परदेशी बाटलीची गरज नाही. ‘सुला’ने २००० साली नाशिकमधून शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ बाजारात आणल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजजवळ ‘फ्रातेली’ची वाईनरी आहे, म्हणजे लातूरकरांना ती नाशिकपेक्षा जवळची.

पैसे वाया कधी जातात?

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि वाईनचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णताच आहे. ‘वाईन शॉप’ अशी पाटी असली तरी आत खप मुख्यतः व्हिस्की-रमचा असतो. त्यामुळे वाईनची बाटली कधीकधी महिनोन्‌महिने फळीवर उभी राहते. म्हणून:

• लेबलवर वर्ष असेल तर पाहावं. साध्या पांढऱ्या वाईन एक-दोन वर्षांत प्यायलेल्या बऱ्या.
• बूच वर सरकलेलं किंवा ओघळ दिसत असेल तर बाटली परत करावी.
• ग्लासने मागवताना ‘बाटली कधी उघडली?’ हे विचारावं. उघडलेली वाईन फ्रीजमध्येही दोन-तीन दिवसच नीट राहते.
• पांढरी वाईन साधारण ८ ते १२ अंशांवर प्यावी. बर्फ-पाण्याच्या बादलीत २० ते ३० मिनिटं पुरतात. ग्लासात बर्फ टाकला तर चव पातळ होते.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात वाईन आणि बिअरसाठी किमान वय २१, तर कडक मद्यासाठी २५ वर्षं आहे. मद्य पिण्यासाठी परवानाही लागतो आणि तो एका दिवसाचाही मिळतो.

वाईन ‘हलकी’ असते हा समज मात्र महागात पडू शकतो. तिच्यात साधारण ११ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे १५० मिलीच्या एका ग्लासात जवळपास साध्या बिअरच्या लहान बाटलीइतकं. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे वाईन कोणती हे ठरवण्याआधी परतताना गाडी कोण चालवणार, हे ठरलेलं असावं.