दिमाख

‘लग्न मोठ्या दिमाखात झाले’ असे आपण सहज म्हणून जातो. हा शब्द अरबी, आणि मुळात त्याचा अर्थ मेंदू. आपला उर्दू बोलणारा शेजारी ‘दिमाग’ म्हणतो तेव्हा बहुधा डोक्याविषयीच बोलत असतो. आपल्या दिमाखात डोक्याचा संबंध उरलेलाच असतो असे नाही. मिजास म्हणजे मुळात प्रकृती, ऐष म्हणजे जगणे. दोन्ही शब्द मराठीत आले आणि तोऱ्याचे नि चैनीचे झाले. जामा आणि निमा ही अंगात घालायची दोन वस्त्रे. त्यांचा आपण जामानिमा केला. थाट, डौल, भपका, बडेजाव हे शब्द बोलीत आहेतच, तरी त्यांच्या जोडीला दरबारातून एवढी भरती व्हावी, यात नवल नाही. दरबार दाराशीच होता.

१६१० मध्ये मलिक अंबरने वसविलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली आणि दख्खनच्या मोगल सुभेदारीचे ठाणे बनली. त्या वैभवाची मोठी खूण म्हणजे बीबी का मकबरा. दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये वारली; तिच्या स्मरणार्थ हा उभा राहिला. दरवाजावर अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावे कोरलेली आहेत. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाल्याचे सांगतात. लाखांच्या हिशेबात ते सात आणे मला फार आवडतात. कोणी तरी कारकून ते लिहायला विसरला नाही!

संगमरवर उत्तरेकडून गाड्यांवर लादून आणावा लागे. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याला अशा सुमारे तीनशे गाड्या भेटल्या. प्रत्येकीस निदान बारा बैल. तरीही तो पुरला नाही. घुमट संगमरवरी, भिंतींचा खालचा भाग संगमरवरी. मधला पुष्कळ भाग दख्खनच्या काळ्या दगडाचा, वर चुन्याचा गिलावा. लोक याला ताजची नक्कल म्हणून हसतात. मला ते हसणे थोडे अन्यायाचे वाटते. घरात पैसा बेताचा असताना मोठ्या घराच्या तोडीचे करून दाखवायचे, ही युक्ती या शहराने केवळ इमारतीत वापरलेली नाही. येथील हिमरू पाहा. किनखापात सोन्याची जर. हिमरूत सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा. सारखे दिसणारे, असाच त्या नावाचा अर्थ सांगतात. विणकराने त्यात आपले कसब ओतले, म्हणून आज त्याला कोणी नक्कल म्हणत नाही.

आता मकबऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर खुलताबादेस चला. तेथे औरंगजेबाची कबर आहे. वर छप्पर नाही, मातीत रोप लावलेले. त्याच्या नावावर असलेल्या मृत्युपत्रात टोप्या शिवून मिळविलेल्या ४ रुपये २ आण्यांतून कफन घ्यावे, आणि कुराणाच्या नकला करून मिळविलेले ३०५ रुपये गरिबांस वाटावे, असे सांगितले आहे. १६९५ मध्ये गलगल्याच्या छावणीत त्याला भेटलेल्या जेमेली करेरी या इटालियन प्रवाशालाही काठीला टेकलेला, पांढऱ्या साध्या वस्त्रांतला म्हाताराच दिसला.

परंतु त्याच प्रवाशाने छावणीचा घेर तीस मैलांचा लिहिला आहे! पंचवीस वर्षे हे चालते शहर दख्खनभर फिरले. शिपायांचे पगार थकत गेले, उभी पिके तुडवली गेली, गावे ओस पडली. सव्वाचार रुपयांहून कमी किमतीचे कफन आणि हा खर्च एकाच वहीत मांडून पाहावा. अंगावरचा साधेपणा खरा असेल, नाही म्हणत नाही. पण मकबऱ्याचे सहा लाख ज्याला डोळ्यांत खुपतात, त्याने छावणीचा खर्च दिसत नाही म्हणून सोडून देऊ नये. त्याला आपल्या भाषेत भपक्यासारखा एखादा शब्दही नाही. मोहीम म्हटले की काम भागते.

आपल्याकडील शब्द मात्र नेमके घरातल्या खर्चावर बोट ठेवतात. तमाशात उधळायच्या पैशाला दौलतजादा म्हणतात: ‘दौलत ज्यादा’ होवो हा आशीर्वाद, आणि तो ऐकताना दौलत कमी होत असते. ‘ऋण काढून सण’ ही म्हणही कोणा बादशहावरून आलेली नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत मुलीच्या लग्नासाठी जमीन गहाण पडते, आणि मांडवातले लोक वाखाणतात ते दिमाखालाच.

खुलताबादच्या त्या साध्या कबरीभोवती पुढे संगमरवरी जाळी उभारली गेली. पाहायला येणाऱ्यांना नुसती माती बरी दिसली नसावी.